श्रेयांकित आंतरवासिता

पदवी वा पदव्युत्तर अभ्यासक्रमाचा भाग म्हणून कारखाना, कार्यालय, सहकारी संस्था अशा ठिकाणी ठरावीक तास प्रत्यक्ष काम करून श्रेयांक, म्हणजेच क्रेडिट, मिळवण्याची पद्धती. कोल्हापूरच्या महाविद्यालयांत बोलताना तिला ‘इंटर्नशिप’ किंवा ‘ओजेटी’ (ऑन जॉब ट्रेनिंग) म्हणतात. शासकीय लेखनात ‘कार्यप्रशिक्षण’ असाही शब्द येतो.

‘आंतरवासिता’ हा शब्द मराठीत रुळला तो वैद्यकीय शिक्षणामुळे. एमबीबीएसची अंतिम परीक्षा उत्तीर्ण झाल्यानंतर रुग्णालयात करावयाच्या एक वर्षाच्या सक्तीच्या सेवेला तो लावला जातो. त्याची उपपत्ती दोन प्रकारे लावता येते. फ्रेंच ‘अँतेर्न’, म्हणजे रुग्णालयातच राहणारा विद्यार्थी, याचे ते सरळ भाषांतर असावे, हा पहिला प्रकार. दुसऱ्या प्रकारात तो संस्कृत ‘अंतेवासी’शी, म्हणजे गुरूजवळ राहणाऱ्या शिष्याशी, जोडला जातो. शब्दाची घडण पाहता पहिला प्रकार अधिक संभाव्य वाटतो. अर्थाच्या दृष्टीने मात्र दुसरा दुर्लक्षिण्याजोगा नाही. तैत्तिरीयोपनिषदात अंतेवासी हा वेद शिकणारा शिष्य आहे. याज्ञवल्क्यस्मृतीच्या व्यवहाराध्यायात तोच शब्द कारागिराकडे शिल्प, म्हणजे हस्तकौशल्य, शिकणाऱ्याला लावला आहे. शिल्प अवगत झाले तरी ठरलेली मुदत त्याने गुरूच्या घरी पुरी करावी, जेवण गुरूने द्यावे आणि कामाचे फळ गुरूला मिळावे, असा तेथील दंडक आहे. मुदत, निर्वाह आणि श्रमाच्या फळावरील हक्क हे तिन्ही प्रश्न आजच्या आंतरवासितेतही जसेच्या तसे उभे राहतात, म्हणून हा उल्लेख मोलाचा आहे. मराठीतील ‘उमेदवारी’ ही मधली कडी मानता येईल. मिस्त्रीच्या हाताखाली बिनपगारी किंवा अल्प मोबदल्यावर राहून काम उचलणे, हा तिचा जुना अर्थ कोल्हापूरच्या उद्यमनगर या कारखान्यांच्या वस्तीत अजून जिवंत आहे.

महाविद्यालयीन अभ्यासक्रमात कामाची पाळी गुंफण्याचा आरंभ सामान्यतः १९०६ पासून मोजतात. त्या वर्षी अमेरिकेतील सिनसिनाटी विद्यापीठात हर्मन श्नायडर यांनी अभियांत्रिकीच्या २७ विद्यार्थ्यांसह वर्ग आणि कारखाना आलटून-पालटून चालवला. पॅरिसच्या रुग्णालयांतील निवासी विद्यार्थ्यांची प्रथा याहून सुमारे शतकभर जुनी. तथापि तेथे कामाचे तास मोजून त्यांचे श्रेयांकात रूपांतर होत नव्हते. त्यामुळे श्रेयांकित आंतरवासितेचा इतिहास सिनसिनाटीपासून धरणेच युक्त.

श्रेयांकाचे माप एकसारखे नाही. विद्यापीठ अनुदान आयोगाच्या मार्गदर्शक सूत्रांनुसार आंतरवासितेचा एक श्रेयांक किमान ३० तासांचा. पदवीच्या चौथ्या सत्रानंतर ६० ते १२० तास काम केल्यास २ ते ४ श्रेयांक मिळतात; म्हणजे आठ तासांची पाळी धरली तर फार तर पंधरा दिवस. अखिल भारतीय तंत्रशिक्षण परिषदेच्या धोरणात एका श्रेयांकास ४० ते ४५ तास लागतात आणि अभियांत्रिकीच्या पूर्ण अभ्यासक्रमात ६०० ते ७०० तासांची अपेक्षा आहे. त्यामुळे कोल्हापूरजवळच्या शिरोली औद्योगिक वसाहतीतील एकाच कारखान्यात शेजारी उभे असलेले विज्ञान शाखेचे आणि अभियांत्रिकीचे विद्यार्थी सारखेच तास भरूनही वेगवेगळे श्रेयांक घेऊन परततात. २०२० च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणाला अनुसरून महाराष्ट्रात पदव्युत्तर पहिल्या वर्षासाठी कार्यप्रशिक्षणाचे ४ श्रेयांक ठेवले गेले. मिळालेले श्रेयांक २०२१ मध्ये सुरू झालेल्या शैक्षणिक श्रेयांक पेढीत (अकॅडमिक बँक ऑफ क्रेडिट्स) विद्यार्थ्याच्या खाती जमा होतात. १९६१ च्या शिकाऊ उमेदवार अधिनियमाखालील प्रशिक्षण याहून निराळे. तेथे विद्यावेतन बंधनकारक आहे. श्रेयांकित आंतरवासितेत ते काम देणाऱ्याच्या मर्जीवर राहते. गगनबावडा किंवा चंदगड अशा दूरच्या तालुक्यांतून रोज एसटीने येणाऱ्या विद्यार्थ्याच्या दृष्टीने हा भेद फार मोठा आहे.

कोल्हापुरात कमाई आणि शिक्षण यांची सांगड नवी नाही. १९६२ मध्ये स्थापन झालेल्या शिवाजी विद्यापीठाची ‘कमवा आणि शिका’ योजना प्रसिद्ध आहे. तिची प्रेरणा कर्मवीर भाऊराव पाटील यांच्या रयत शिक्षण संस्थेतील स्वावलंबनाच्या प्रयोगापर्यंत जाते. मात्र त्या योजनेत श्रम शिक्षणाचा खर्च भागवतात, तर आंतरवासितेत श्रम हाच अभ्यासविषय असतो. दोहोंना एकच मानणे बरोबर नाही.

जिल्ह्यातील ओतकामाचे, म्हणजे वितळलेला धातू साच्यात ओतून भाग घडवण्याचे, कारखाने हे या प्रशिक्षणाचे सर्वांत समृद्ध क्षेत्र. शिरोली, गोकुळ शिरगाव आणि कागल-हातकणंगले या औद्योगिक वसाहतींत मोल्डिंगच्या, म्हणजे साचे बनवण्याच्या, वाळूची चाचणी हे विद्यार्थ्याकडे लवकर येणारे काम होय. तोललेली ओली वाळू नळीत घालून वजनाचे तीन ठोके दिले, की ५० मिलिमीटर उंचीचा आणि तेवढ्याच व्यासाचा ठोकळा तयार होतो. त्यावर दाबबल (दाब सोसण्याची ताकद) आणि वायुपारगम्यता (हवा आरपार जाऊ देण्याची क्षमता) तपासतात. ओल वाढली तर वितळलेल्या धातूच्या उष्णतेने वाफ कोंडते आणि कास्टिंगमध्ये, म्हणजे ओतीव भागात, पोकळ्या, म्हणजे ब्लो होल, राहतात. नोंदवहीत लिहिलेला ओलीचा आकडा आणि संध्याकाळी रिजेक्शनच्या ढिगात पडलेले कास्टिंग यांचा संबंध ज्याला लावता आला, त्याचे शिक्षण झाले असे म्हणता येते. नुसत्या हजेरीच्या सह्यांवरून ते कळत नाही. म्हणून मूल्यमापनात प्रमाणपत्रापेक्षा दैनंदिन नोंदवही आणि तोंडी परीक्षा यांना अधिक वजन देणे योग्य ठरते.

वाणिज्य शाखेचे विद्यार्थी सनदी लेखापालांची कार्यालये, नागरी बँका आणि पतसंस्था येथे जातात. विज्ञान शाखेचे दूध संघ व साखर कारखान्यांच्या प्रयोगशाळांत. साखर कारखान्यांचा गळीत हंगाम साधारण ऑक्टोबर-नोव्हेंबर ते मार्च-एप्रिल असतो. उन्हाळी सुट्टीत गेलेल्याला बंद गिरणीची दुरुस्तीच पाहावी लागते. इचलकरंजीचे यंत्रमाग आणि हुपरीचे चांदीकाम यांत शिकणे अद्याप मुख्यतः घरच्या परंपरेने किंवा उमेदवारीने चालते.