मॉर्मन मिशनरींचे दैनंदिन जीवन (जपान)

‘द चर्च ऑफ जीझस क्राइस्ट ऑफ लॅटर-डे सेंट्स’ या ख्रिस्ती पंथातील तरुण-तरुणी शिक्षण बाजूला ठेवून दीड-दोन वर्षे घरापासून दूर धर्मप्रचारासाठी राहतात. जोसेफ स्मिथ यांनी १८३० मध्ये न्यूयॉर्क राज्यात स्थापन केलेल्या या पंथाचे मुख्यालय यूटा राज्यातील सॉल्ट लेक सिटीत आहे. ‘मॉर्मन’ हे लोकांत रुळलेले नाव. २०१८ पासून पंथाने पूर्ण नावाचाच आग्रह धरला आहे. जगभर असे ७० हजारांहून अधिक मिशनरी काम करतात. परमुलखातील या जीवनाचे नियम आणि त्यातला ताण या दोन्ही बाजू जपानमध्ये विशेष स्पष्ट दिसतात.

कुठे जायचे हे मिशनरी ठरवत नाही. अर्ज केल्यावर पंथाच्या अध्यक्षांच्या सहीचे बोलावणे येते आणि त्यातच देश, भाषा व निघण्याची तारीख लिहिलेली असते. मुलगे, आणि २०२५ पासून मुलीही, १८ व्या वर्षापासून जाऊ शकतात; मुलगे २४ महिने राहतात, मुली १८ महिने. २०१२ मध्ये मुलग्यांची वयाची अट १९ वरून १८ वर आणि मुलींची २१ वरून १९ वर आली, तेव्हा मुलींची संख्या झपाट्याने वाढली. या कामाला पगार नाही. उलट दरमहा ठरावीक रक्कम स्वतः किंवा घरच्यांनी भरायची असते; अमेरिकेतल्यांसाठी ती २०२० पासून ५०० डॉलर आहे. महागड्या टोकियोत राहणारा आणि एखाद्या स्वस्त देशात राहणारा, दोघेही सारखेच भरतात. अनेक जण त्यासाठी शाळेत असल्यापासून पैसे साठवतात.

जपानमध्ये या कामाची सुरुवात १९०१ मध्ये झाली. त्या वर्षी ऑगस्टमध्ये पंथाचे एक वरिष्ठ नेते हेबर जे. ग्रँट तीन सोबत्यांसह योकोहामाला उतरले. सोबत्यांपैकी अल्मा टेलर अवघे १९ वर्षांचे होते. ते आठ वर्षांहून अधिक काळ तिथे राहिले, जपानी शिकले आणि ‘बुक ऑफ मॉर्मन’ या पंथाच्या धर्मग्रंथाचे जपानी भाषांतर त्यांनी पूर्ण केले, ते १९०९ मध्ये छापले गेले. इतक्या कष्टांनंतरही अनुयायी थोडेच मिळाले व १९२४ मध्ये काम बंद करावे लागले. दुसऱ्या महायुद्धानंतर, १९४८ मध्ये, ते पुन्हा उभे राहिले. आशियातले या पंथाचे पहिले मंदिर टोकियोत १९८० मध्ये झाले. (महाराष्ट्रातही हे प्रचारक जपानच्या कितीतरी आधी येऊन गेले होते : ह्यू फिंडले १८५२ मध्ये मुंबईत आले व पुढे पुण्यात राहिले.)

अमेरिकेतून जपानला जाणारे बहुतेक मिशनरी यूटातील प्रोव्हो येथील प्रशिक्षण केंद्रात भाषेचे पहिले धडे घेतात. ती शिदोरी फारच अपुरी पडते. प्रार्थना आणि धड्यांतली वाक्ये पाठ असतात, पण दारात उभ्या आजीबाई भराभर काय बोलल्या ते कळत नाही. नकार तर ओळखूच येत नाही. ‘केक्कोऽ देसु’ याचा शब्दशः अर्थ ‘छान आहे’, पण दारात ते ऐकले की ‘नको’ असे समजायचे. हे कळायला काही आठवडे जातात.

दिवस सकाळी साडेसहाला सुरू होतो. व्यायाम, न्याहारी, मग धर्मग्रंथाचे वाचन, जोडीदाराबरोबर अभ्यास आणि भाषेचा अभ्यास. दहाच्या सुमारास पांढरा शर्ट, टाय आणि छातीवर नावाची काळी पट्टी लावून सायकलवर, डोक्यात हेल्मेट घालून, बाहेर पडायचे. पट्टीवर पंथाच्या नावासोबत मिशनरीचे फक्त आडनाव. त्याआधी मुलग्यांना ‘एल्डर’, मुलींना ‘सिस्टर’. जपानीत एल्डरला ‘चोऽरोऽ’ म्हणतात, म्हणजे ज्येष्ठ, वडीलधारा. मराठी बायबलमध्येही याला ‘वडील’ हाच शब्द आहे. अठरा वर्षांच्या मुलाला तो चिकटतो, तेव्हा जपानी माणूस क्षणभर थबकतो. दुपारी घरोघरी किंवा स्टेशनबाहेर लोकांशी बोलणे, संध्याकाळी ठरलेल्या भेटी, आठवड्यातून एकदा इंग्रजी संभाषणाचा मोफत वर्ग. धर्माबद्दल काहीही ऐकायचे नसलेली माणसेही या वर्गाला आवडीने येतात. रात्री नऊच्या सुमारास घरी, साडेदहाला दिवे बंद. २०१७ पासून या वेळापत्रकात स्थानिक गरजेप्रमाणे बदल करता येतो.

चहा, कॉफी, दारू, तंबाखू वर्ज्य. हिरवा चहाही चालत नाही, आणि जपानमध्ये पाहुण्यापुढे पहिला तोच येतो. यजमानाचे मन न दुखावता तो कसा नाकारायचा हे नव्या मिशनरीला लवकरच शिकावे लागते. भाजलेल्या बार्लीचा ‘मुगिचा’ मात्र चालतो, आणि पंथातली जपानी कुटुंबे तो आठवणीने पुढे करतात.

या जीवनाचा कणा म्हणजे जोडीदार. येशूने शिष्यांना दोघे-दोघे करून पाठवले, हा त्यामागचा आधार. दोघांनी सतत एकमेकांच्या नजरेच्या टप्प्यात राहायचे, एकाच खोलीत झोपायचे. जोडीदार आपण निवडत नाही. दर सहा आठवड्यांनी बदल्या होतात आणि नवा माणूस, कधी नवे शहर वाट्याला येते. नवख्याला पहिले बारा आठवडे अनुभवी जोडीदार शिकवतो. लांबलचक दिवस आणि बंद होणारी दारे यांची सवय होते, पण घडीभरही एकटे राहता न येणे हीच यातली सर्वांत कठीण गोष्ट मानावी लागते. परक्या भाषेत दिवस काढणाऱ्या मुलाला तोच जोडीदार आधारही देतो, हेही तितकेच खरे.

आठवड्यातला एक दिवस तयारीचा : कपडे धुणे, बाजार, केस कापणे, थोडे फिरणे. घरी पत्र किंवा ईमेल त्याच दिवशी. आईवडिलांशी फोनवर बोलायला पूर्वी नाताळ आणि मातृदिन एवढेच दिवस असत. फेब्रुवारी २०१९ पासून दर आठवड्याला बोलता येते. हा बदल फार उशिरा झाला असे वाटल्यावाचून राहत नाही. काही जण आजारपण किंवा मनावरच्या ताणामुळे मुदतीआधी परततात. त्यांच्याकडे समाजातून अपयश म्हणून पाहिले जाते आणि हा अन्याय अनेक कुटुंबांनी सोसला आहे. प्रकृतीमुळे प्रचाराला जाऊ न शकणाऱ्यांसाठी आता घरी राहून करायच्या सेवेचा वेगळा मार्ग आहे.

मुदत संपल्यावर मिशनरी घरी येतो, पण विमानतळावर आईला भेटतानाही नावाची पट्टी छातीवरच असते. गावातील पंथप्रमुखाची भेट घेऊन त्यांनी रीतसर मोकळे केले, की मगच ती काढायची.