जुनेर

जुनेर : नेसण्याजोगे न उरलेले, पण टाकूनही न दिलेले सुती वस्त्र. रूढ अर्थाने जुने लुगडे किंवा धोतर. महाराष्ट्रातील घरांत अशा वस्त्राचा उपयोग उतरत्या क्रमाने होत असे. नेसूचे वस्त्र विरले की त्याला दंड घालून ते आणखी काही काळ नेसले जाई. त्यानंतर त्यातून परकर, पोलकी, तान्ह्या मुलांची झबली व टोपडी आणि दुपटी निघत, पाळण्याऐवजी लुगड्याची झोळी बांधली जाई, उरलेले गोधडीत जाई आणि अखेरीस मसोते, पोतेरे, चुंबळ किंवा काकडा अशा रूपांत ते संपत असे. हा क्रम सर्वपरिचित असल्याने त्याचा तपशील येथे दिलेला नाही. दंड आणि गोधडी या दोन कृती मात्र तांत्रिक दृष्ट्या महत्त्वाच्या आहेत.

नऊवारी लुगडे सुमारे 8 मीटर लांबीचे असते आणि ते सर्वत्र सारखे झिजत नाही. काम करताना बसण्या-उठण्याचा ताण ज्या भागावर येतो तो भाग आणि कासोट्याचा भाग आधी विरतात, तर पदराकडील बाजू व निऱ्यांत दडणारे कापड पुष्कळ दिवस टिकते. म्हणून विरलेला पट्टा आडवा कापून काढीत, उरलेल्या दोन चांगल्या तुकड्यांच्या कडा एकमेकींत दुमडीत आणि त्या बारीक टाक्यांनी जोडीत. यालाच दंड घालणे म्हणतात. नेसताना हा जोड निऱ्यांत किंवा कमरेशी लपेल, अशा बेताने कापण्याची जागा ठरवावी लागे. एका लुगड्याचा पट्टा काढल्यावर लांबी अपुरी पडत असेल, तर दोन लुगड्यांचे चांगले भाग जोडून एक लुगडे तयार करीत. अशा वेळी रंगापेक्षा काठांची रुंदी जुळणे अधिक महत्त्वाचे असे, कारण न जुळणारा काठ लांबूनही ओळखू येतो. काठाची वीण अंगापेक्षा घट्ट असल्याने अंग विरले तरी काठ शाबूत राहतो. तो उसवून परकराला लावण्याची, त्याच्या नाड्या व पिशव्यांचे बंद करण्याची पद्धत होती. जरीच्या वस्त्रांचा मार्ग निराळा होता. जरतार खरी असल्यास वस्त्र जाळून तिच्यातील चांदी वेगळी काढली जाई आणि तिचा पैसा होई. त्यामुळे घरातील भारी वस्त्र अडचणीच्या काळी ठेवीसारखे उपयोगी पडे.

जुन्या कापडाचे थर एकत्र टाचून पांघरूण करण्याच्या प्रथेचा उगम वादग्रस्त आहे. एका मतानुसार ही प्रथा श्रमण आणि योगी यांच्या वस्त्रांतून गृहस्थांकडे आली. या मताला दोन आधार दिले जातात. पहिला आधार बौद्ध भिक्षूंच्या चीवराचा, म्हणजे अंगावरील वस्त्राचा, आहे. विनयपिटक या भिक्षूंच्या आचारनियमांच्या ग्रंथातील महावग्ग या भागातील कथेनुसार मगधातील बांधांनी विभागलेली शेते पाहून बुद्धाने तशा आखणीचे चीवर बेतण्यास आपला शिष्य आनंद याला सांगितले. टाकलेल्या चिंध्या गोळा करून केलेल्या चीवराला पांसुकूल अशी संज्ञा होती. दुसरा आधार ‘कंथा’ या ठिगळांच्या वस्त्राचा आहे. भर्तृहरीच्या वैराग्यशतकात शंभर ठिकाणी फाटलेल्या लंगोटीबरोबर तशाच कंथेचा उल्लेख येतो आणि नाथपंथी योग्याच्या वेषातही कंथा असते. वैराग्यशतकाचा काळ निश्चित नाही. इत्सिंग या चिनी प्रवाशाच्या वृत्तान्तावरून भर्तृहरी सातव्या शतकात ठेवला जात असे. वाक्यपदीय या व्याकरणविषयक ग्रंथाचा कर्ता भर्तृहरी आणि शतककार एकच मानणारे अभ्यासक त्याला बहुधा पाचव्या शतकाकडे नेतात, परंतु या दोघांचे ऐक्यच सर्वमान्य नाही. पाणिनीच्या सूत्रांतही ‘कंथा’ हा शब्द येतो, पण तेथे तो उशीनर प्रदेशातील वस्तिस्थानांच्या नावांशी संबंधित आहे. तेव्हा गोधडीच्या प्राचीनत्वासाठी त्याचा आधार घेणे धोक्याचे ठरते.

दुसऱ्या मतानुसार गृहस्थांची काटकसर मूळची असून संन्याशांनी तिच्यातील सर्वांत खालची पायरी व्रत म्हणून स्वीकारली. हे मत अधिक ग्राह्य वाटते. चीवरात तुकडे कडेला कडा लावून जोडलेले असतात. संघाटी हे भिक्षूचे वरचे वस्त्र दुहेरी असले, तरी गोधडीप्रमाणे अनेक थर आरपार टाचून एकजीव करणे हे त्याचे लक्षण नाही. रचनेच्या दृष्टीने गोधडीचे जवळचे नाते बंगालमधील कांथा, बिहारमधील सुजनी, सिंध व राजस्थानातील रल्ली आणि उत्तर कर्नाटकातील कौदी यांच्याशी आहे, आणि या साऱ्या घरगुती वस्तू आहेत. प्रत्यक्ष अवशेषांवरून हा वाद सुटण्याची शक्यता कमी दिसते. सुती कापड दमट हवेत टिकत नाही, शिवाय ही वस्तू संपेपर्यंत वापरण्यासाठीच केलेली असते. बंगालमधील जपून ठेवलेले जुने कांथेही सामान्यतः एकोणिसाव्या शतकापलीकडे जात नाहीत.

वस्त्राच्या उतरत्या क्रमाचे सर्वांत स्पष्ट जुने वर्णन याच विनयपिटकाच्या चुल्लवग्गात सापडते. कौशांबीचा राजा उदयन याच्या अंतःपुरातील स्त्रियांनी आनंदाला 500 वस्त्रे दिली, तेव्हा एवढ्या वस्त्रांचे तो काय करणार असा प्रश्न राजाने केला. ज्यांची चीवरे जीर्ण झाली आहेत त्या भिक्षूंना ती वाटू, जुन्या चीवरांची अंथरुणावरील आच्छादने करू, जुन्या आच्छादनांच्या गाद्यांच्या खोळी, जुन्या खोळींची जमिनीवरची बिछायत, तिची पायपुसणी, त्यांची धूळ झटकण्याची फडकी आणि तीही जुनी झाली की त्यांचे तुकडे करून, चिखलात मळून जमीन लिंपू, असे उत्तर आनंदाने दिल्याचे तेथे म्हटले आहे. हा भाग मूळ संग्रहाला मागाहून जोडला गेला असावा, असे अनेक अभ्यासकांचे मत आहे. तसे असले तरी तो इसवी सनापूर्वीच्या शतकांतील मानण्यास हरकत दिसत नाही. राजाचा प्रश्न संशयाचा आहे, आणि आनंदाच्या उत्तरातील शेवटच्या पायऱ्या कोणत्याही शेणाने सारवणाऱ्या घरातील बाईला नव्याने सांगाव्या लागल्या नसत्या.

गोधडीला पश्चिम महाराष्ट्रात वाकळ असेही म्हणतात. शेतीची कामे उरकल्यावर उन्हाळ्यात, पावसाळ्यापूर्वी, ती शिवली जाई. सारवलेल्या अंगणात किंवा ओसरीवर एक धड लुगडे पसरून त्यावर धोतरे, सदरे, पोलकी यांचे उसवलेले तुकडे सुरकुती न पडू देता मांडतात. वर दुसरे लुगडे घालून कडा आत दुमडतात आणि दाभणाने किंवा जाड सुईने धावदोरा घालीत कडेकडून मध्याकडे शिवत जातात. कडेकडून शिवल्याने आतले तुकडे सरकत नाहीत. मऊ कापड अंगाला लागेल अशा बाजूस आणि मळखाऊ गडद कापड दुसऱ्या बाजूस घेण्याकडे कल असतो. वारंवार धुतलेल्या सुती कापडातील खळ पूर्णपणे निघून गेलेली असते. त्यामुळे ते मऊ पडते, घाम टिपते आणि सुईलाही अडत नाही. तान्ह्या मुलाला नव्याऐवजी जुन्या कापडाची झबली-दुपटी घालण्याच्या रूढीमागे आयुष्यवृद्धीची समजूत सांगितली जाते, परंतु कापडाचा हा गुणही तिला कारण असावा. भिजलेली गोधडी एकटीने उचलवत नाही. घटस्थापनेपूर्वी घरातील सर्व अंथरुणे-पांघरुणे नदीवर किंवा विहिरीवर नेऊन धुण्याच्या प्रथेस ‘दसरा काढणे’ म्हणतात, आणि हे काम सामान्यतः घरातील अनेक जणांनी मिळून केले जाते.

टंचाईच्या काळात हा क्रम लांबत असे. दुसऱ्या महायुद्धात गिरण्यांच्या कापडाचा मोठा भाग लष्करी गरजेकडे वळला आणि भाव चढले. 1943 मध्ये सरकारने सूत व कापड यांवर नियंत्रणे आणली. 1948 च्या आरंभी ती उठवण्यात आली, परंतु भाव पुन्हा वाढल्याने त्याच वर्षी परत लागू करावी लागली. या काळातील ‘कंट्रोल’ची आठवण मराठी घरांत धान्य व रॉकेल यांच्याइतकीच कापडाशीही जोडलेली आहे. दंडाची लुगडी पांढरपेशा घरांतही उघडपणे नेसली जाऊ लागली, आणि मांजरपाटाचा तुकडा मिळाला तरी तो आधी कोणासाठी बेतायचा हा प्रश्न असे. 1972 च्या दुष्काळात आणि 18 जानेवारी 1982 रोजी सुरू झालेल्या मुंबईच्या गिरणी संपात, ज्यात सुमारे अडीच लाख कामगार होते, घरगुती काटकसरीने पुन्हा असेच रूप घेतले. दुष्काळी कामांवर खडी फोडणाऱ्या आणि माती वाहणाऱ्या स्त्रियांच्या डोक्यावरील चुंबळ जुनेराचीच असे.

जुनेर घरात फिरते तोवर त्याला काटकसर म्हणता येते. उंबरठ्याबाहेर गेल्यावर मात्र त्याचा अर्थ बदलतो, आणि या विषयावरील कौतुकपर लेखनात ही बाजू बहुधा सुटते. मनुस्मृतीच्या दहाव्या अध्यायात सेवक शूद्राला उष्टे अन्न व जीर्ण वस्त्रे द्यावीत आणि चांडाळांची वस्त्रे मृतांच्या अंगावरची असावीत, अशी वचने आहेत. गावगाड्यात प्रेतावरील कापड घेणे हे महारांच्या वतनी हक्कांत मोडत असे. आंबेडकरी चळवळीने असे मानहानिकारक ‘हक्क’ नाकारले. डिसेंबर 1927 मध्ये महाड येथे स्त्रियांपुढे केलेल्या भाषणात बाबासाहेब आंबेडकरांनी अस्पृश्यता ओळखू येईल अशी लुगडे नेसण्याची पद्धत व तसे दागिने सोडण्यास सांगितले आणि स्वच्छतेचा आग्रह धरला. ज्या घरांनी दुसऱ्याचे जुनेर सक्तीने वापरले त्यांच्या दृष्टीने नवे वस्त्र विकत घेणे ही चैन ठरत नाही.

शहरांत जुन्या कपड्यांच्या बदल्यात भांडी देणाऱ्या बोहारणींमुळे जुनेराला घराबाहेरची बाजारपेठ मिळाली. हा व्यवसाय मुख्यतः मूळच्या गुजरातमधील वाघरी समाजाच्या स्त्रियांकडे राहिला आहे. मुंबई-पुण्याकडे तो एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धानंतर वाढला असावा. व्यवहार पैशाविना होतो आणि घासाघीस हा त्याचा अविभाज्य भाग आहे. कपड्यांच्या ढिगावर एखादा सदरा अधिक टाकून लहान पातेल्याऐवजी मोठे पदरात पाडून घेण्याचे कौशल्य गृहिणीचे, आणि शिवणी ताणून, उजेडात धरून कापडाचा दम पारखण्याचे कौशल्य बोहारणीचे. जमवलेले कपडे दुरुस्त करून, धुऊन, इस्त्री करून जुन्या बाजारात विकले जातात. न विकण्याजोगे कापड यंत्रे पुसण्याच्या चिंध्यांसाठी कारखान्यांकडे जाते.

नायलॉन, टेरिलीन व टेरिकॉट यांचा प्रसार झाल्यावर, म्हणजे साधारणपणे 1960 नंतर, घरातील जुना क्रम विस्कळीत झाला. हे धागे सहसा विरत नाहीत, त्यामुळे कपडा फाटण्याआधीच नकोसा होतो. ते घाम शोषत नाहीत, गोधडीत एकमेकांवरून सरकतात आणि पोतेऱ्यासाठी तर निरुपयोगीच ठरतात. बोहारणीकडे मात्र अशा टिकाऊ कपड्यांना सुती कपड्यांपेक्षा चांगला भाव येऊ लागला. सारवणाची जमीन जाऊन फरशी आल्यावर पोतेऱ्याची शेवटची पायरीही गळाली. अलीकडे काही ठिकाणी स्त्रियांचे बचतगट विक्रीसाठी गोधड्या शिवतात. त्यांत गिऱ्हाईकाने दिलेल्या जुन्या साड्या वापरण्याची पद्धत आहे, तशीच शिंप्याकडील कातरणे व नवे कापड वापरण्याचीही आहे. टाके हाताने घातले की यंत्रावर, यानुसार किमतीत बराच फरक पडतो.