सांगोल्याचे आबासाहेब आणि शेकाप, थोडी मागची गोष्ट

2024 च्या विधानसभेला सोलापूर जिल्ह्यातल्या सांगोल्यातून शेकापचे, म्हणजे शेतकरी कामगार पक्षाचे, बाबासाहेब देशमुख निवडून आले, "काय झाडी, काय डोंगार" या डायलॉगनं गाजलेले शहाजीबापू पाटील पडले, तेव्हा बऱ्याच नव्या पोरांनी विचारलं की हा शेकाप अजून आहे का? त्यासाठी बाबासाहेबांच्या आजोबांपर्यंत, म्हणजे गणपतराव ऊर्फ आबासाहेब देशमुखांपर्यंत मागं जावं लागतं.

आबासाहेब मूळचे मोहोळ तालुक्यातल्या पेनूरचे. पुण्यात कायदा शिकले आणि वकिलीला आले सांगोल्यात. तेव्हाचा सांगोला म्हणजे पक्का दुष्काळी तालुका, माण नदी बहुतेक वर्ष कोरडी, आणि तालुक्याच्या कोर्टात शेतकरी यायचा तो बांध, वाटणी, कूळ असल्या भानगडी घेऊन. अशा ठिकाणच्या वकिलाला सातबारा वाचता वाचता अख्खा तालुका पाठ होतो, माझ्या मते त्यांच्या राजकारणाचा पाया इथंच पडला.

शेकाप 1948 ला काँग्रेसमधून फुटून उभा राहिलेला, शंकरराव मोरे, केशवराव जेधे ही मंडळी. पुढं मोरे-जेधे स्वतःच परत काँग्रेसमध्ये गेले, यशवंतराव चव्हाणांच्या बेरजेच्या राजकारणात, म्हणजे विरोधकांना काँग्रेसमध्ये ओढून घेण्यात, अजून कितीतरी गेले, आबासाहेब मात्र शेकापचा लाल बावटा धरून बसले. 1962 ला पहिल्यांदा आमदार. 1972 ला हरले, पोटनिवडणुकीत परत आले. 1995 ला शहाजीबापूंकडून फक्त 192 मतांनी पडले, 1999 ला पुन्हा निवडून आले आणि 2014 पर्यंतच्या सगळ्या निवडणुका जिंकल्या, एकूण 11 वेळा आमदार. मंत्रीही दोनदा झाले, 1978 ला शरद पवारांच्या पुलोद आघाडीच्या सरकारात आणि 1999 ला विलासराव देशमुखांच्या सरकारात.

आता सगळे सांगतात ते एसटीनं फिरायचे, साधे राहायचे. खरंय ते, पण नुसत्या साधेपणावर 50 वर्षं मतं मिळत नाहीत हो. त्यांनी सांगोल्यात सहकारी सूतगिरणी काढली आणि ती चालवून दाखवली, आपल्याकडं बऱ्याच सहकारी गिरण्या कशा बुडाल्या ते माहितीय ना. आणि पाणी! 1993 पासून सांगली जिल्ह्यातल्या आटपाडीत स्वातंत्र्यसैनिक नागनाथअण्णा नायकवडींबरोबर पाणी परिषदा घेतल्या, 13 दुष्काळी तालुक्यांसाठी, कृष्णेचं पाणी टेंभू आणि म्हैसाळ योजनांतून उचलून इकडं आणा म्हणून, वर्षानुवर्षं तीच मागणी लावून धरली.

2019 ला स्वतः थांबले, नातू अनिकेत उभा राहिला तो थोडक्यात पडला. 30 जुलै 2021 ला सोलापुरात आबा गेले.

बाकी 11 वेळा आमदार हा देशातला विक्रम असं व्हॉट्सॲपवर फिरतं ते तेवढं दुरुस्त करा, केरळात पाला मतदारसंघाचे के. एम. मणी 13 वेळा निवडून आलेत, तेही वकीलच. फक्त तिकडं पक्ष कितीदा फुटला नि जुळला, आबांचा झेंडा एकच.