स्लीपला टाकलेला पीसी उठताना का मरतो? थोडी जुनी हिस्टरी

फॅन फिरतात पण स्क्रीन काळीच राहते, हा एक प्रकार. लॉगिन दिसतं आणि दोन सेकंदांत ब्लू स्क्रीन, हा दुसरा. तिसरा म्हणजे बटण दाबल्यावर मशीन उठायच्या ऐवजी सरळ पहिल्यापासून बूट होतं, उघडे टॅब, सेव्ह न केलेली फाइल, सगळं गेलं. तिन्हीवर सल्ले तेच मिळतात: ड्रायव्हर (एकेक डिव्हाइस चालवणारं सॉफ्टवेअर) अपडेट करा, बायोस (मदरबोर्डवरच्या चिपमधला, मशीन चालू होताना सगळ्यात आधी चालणारा कोड) अपडेट करा, नाहीतर स्लीपच बंद करून टाका. सल्ले चूक नाहीत, पण कुठला कधी लागू पडतो हे कळायला जरा मागे जावं लागतं, कारण मशीनला झोपवायचं आणि उठवायचं काम नक्की कोणाचं हे गेल्या तीसेक वर्षांत दोन-तीनदा बदललंय, आणि दर वेळी जुन्या व्यवस्थेचा थोडा थोडा भाग आतच राहून गेलाय.

१९८१ च्या आयबीएम पीसीला झोप वगैरे काही माहीतच नव्हतं, चालू नाहीतर बंद. गरज पडली ती बॅटरीवरच्या मशीनमुळे. ॲपलच्या १९८९ च्या मॅकिंटॉश पोर्टेबलला स्लीप होतं, त्यात महागडी स्टॅटिक रॅम घातली होती जी अगदी कमी करंटवर डेटा धरून ठेवते. शिवाय हार्डवेअर त्यांचंच आणि सिस्टिमही त्यांचीच, त्यामुळे बिघडलं तर दुसऱ्याकडे बोट दाखवायची सोयच नाही. पीसीत मात्र बोर्ड एकाचा, बायोस दुसऱ्याचा, ग्राफिक्स कार्ड तिसऱ्याचं आणि विंडोज चौथ्याची.

इंटेलने १९९० मध्ये ३८६एसएल प्रोसेसर काढला, त्यात सिस्टिम मॅनेजमेंट मोड आला. म्हणजे प्रोसेसर मध्येच थांबतो, बायोसचा कोड चालवतो आणि परत येतो, आणि ऑपरेटिंग सिस्टिमला पत्ताही लागत नाही. १९९२ मध्ये इंटेल आणि मायक्रोसॉफ्टने एपीएम हे वीज वाचवायचं स्टँडर्ड आणलं त्यात याचाच वापर झाला. तेव्हा मालक बायोस. बराच वेळ हालचाल नाही असं टाइमरवरून त्याला वाटलं की तो झोपवणार, विंडोजला फार तर आधी विचारणार. आता बायोसला काय कळणार की तुम्ही काही करत नाही आहात की मोठी फाइल कॉपी होतेय, आणि त्याला माहिती फक्त बोर्डावरच्या चिप्सची, स्लॉटमध्ये नंतर लावलेल्या कार्डांचं तो काय करणार? त्यामुळे उठल्यावर साउंड कार्ड मुकं किंवा नेटवर्क गायब हे तेव्हा नेहमीचंच होतं.

डेस्कटॉपवर स्लीप आलं ते मात्र वीजबिलामुळे. अमेरिकेच्या पर्यावरण खात्याने १९९२ मध्ये एनर्जी स्टार सुरू केलं, रिकाम्या वेळी कॉम्प्युटर ३० वॉटच्या आत यायला हवा अशी अट, आणि एप्रिल १९९३ मध्ये क्लिंटन यांनी सरकारी खरेदीला एनर्जी स्टारचेच कॉम्प्युटर घ्यायचा आदेश काढला. एवढा मोठा गिऱ्हाईक म्हटल्यावर सगळ्या कंपन्यांनी स्टिकर लावायची घाई केली. मला वाटतं इथेच घोळाची सुरुवात झाली, कारण स्टिकरसाठी झोपता आलं की पुरे, नीट उठतं का हे कोणी मोजत नव्हतं.

मग डिसेंबर १९९६ मध्ये इंटेल, मायक्रोसॉफ्ट आणि तोशिबाने एपीएमच्या जागी एसीपीआय हे नवं स्टँडर्ड आणलं आणि सगळं उलटं केलं. आता मालक ऑपरेटिंग सिस्टिम. बायोसने फक्त हार्डवेअरच्या माहितीची टेबलं द्यायची आणि त्या टेबलांत एएमएल नावाच्या छोट्या भाषेतले प्रोग्राम, ते विंडोज किंवा लिनक्स स्वतः वाचून चालवणार. एस३ म्हणजे रॅम सोडून जवळपास सगळं बंद, एस४ म्हणजे हायबरनेट (रॅममधलं सगळं डिस्कवर लिहून वीज बंद), एस५ म्हणजे शटडाउन, आणि प्रत्येक डिव्हाइसच्या स्वतःच्या डी० (पूर्ण चालू) ते डी३ (बंद) अशा पायऱ्या. कागदावर फारच सुंदर. पण एस३ मधून उठताना काय काय होतं बघा: वीज आली की प्रोसेसर जणू नवीनच चालू झाल्यासारखा फर्मवेअरपासून, म्हणजे बायोसच्याच कोडपासून, सुरुवात करतो, फर्मवेअरला कळावं लागतं की हे बूट नाही तर रिझ्यूम आहे, मग ते मेमरी कंट्रोलरची आधी साठवून ठेवलेली सेटिंग परत भरतं, रॅमला सेल्फ-रिफ्रेशमधून (स्वतःच डेटा टिकवून ठेवायच्या झोपेतून) बाहेर काढतं, चिपसेटचे रजिस्टर जागेवर आणतं आणि मग ऑपरेटिंग सिस्टिमने एका टेबलात लिहून ठेवलेल्या पत्त्यावर उडी मारतं. तिथून पुढे ऑपरेटिंग सिस्टिम आणि मग एकेक ड्रायव्हर आपापलं डिव्हाइस जागं करणार. मालक बदलला असं म्हणाले खरे, पण पहिला अर्धा रस्ता अजून फर्मवेअरकडेच आहे.

म्हणून पहिलं निदान हायबरनेटवरून करावं. हायबरनेटमध्ये रॅमची वीज पूर्ण जाते आणि उठताना फर्मवेअर नेहमीसारखं पूर्ण बूट करतं. हायबरनेट नीट चालतंय आणि फक्त स्लीपमध्ये मरतंय तर संशय फर्मवेअरच्या रिझ्यूमवर किंवा रॅमवर, त्यातही रॅम एक्सएमपी (बायोसमधली जास्त वेगाची तयार सेटिंग) लावून ओव्हरक्लॉक केलेली असेल तर आधी ते काढून बघा, कारण बूटला चाललेली सेटिंग रिझ्यूमला चालेलच असं नाही. दोन्हीकडे मरतंय तर बहुतेक ड्रायव्हर.

ग्राफिक्सचं दुखणं वेगळंच आहे. साध्या बूटला बायोस ग्राफिक्स कार्डाला जागं करतो, पण एस३ मधून उठताना त्याने हे करायलाच हवं असं काही बंधन नाही, कार्ड शून्यातून उभं करायची जबाबदारी ड्रायव्हरची. विंडोजवर कंपन्या स्वतःचे ड्रायव्हर लिहायच्या म्हणून निभावलं, लिनक्सवर मात्र बराच काळ ग्राफिक्स ड्रायव्हर कर्नलच्या (ऑपरेटिंग सिस्टिमच्या गाभ्याच्या) बाहेर चालायचे आणि कार्ड आधीच कोणीतरी सेट केलंय असं गृहीत धरायचे. मशीन उठलेलं, नेटवर्कवरून लॉगिनसुद्धा होतंय, स्क्रीन काळीच. तेव्हा लोक बायोसचा व्हिडिओ कोड परत चालवायचे जुगाड करायचे. २००९ मध्ये लिनक्स २.६.२९ पासून इंटेल ग्राफिक्ससाठी हे काम कर्नलमध्ये आलं, मग बाकीच्यांचंही आलं, आणि ही कटकट बरीच कमी झाली.

लिनक्सचा विषय निघालाच आहे तर बिल गेट्सचा तो इमेलही सांगतो. जानेवारी १९९९ मधला हा इमेल नंतर आयोवातल्या कोर्ट केसमध्ये बाहेर आला, त्यात एसीपीआयचं काम आपण करायचं आणि फायदा लिनक्सला आयता मिळायचा हे खटकतंय, ते काहीतरी करून विंडोजपुरतं ठेवता येईल का असा सूर आहे. लोक याच्यावरून मोठं कारस्थान रचतात. मला त्याची गरज वाटत नाही, कारण साधा निष्काळजीपणा पुरेसा आहे: बोर्ड बनवणारे फक्त विंडोजवर टेस्ट करायचे, ती एसीपीआय टेबलं तयार करणारा मायक्रोसॉफ्टचा कंपायलर त्यांतल्या चुका चालवून घ्यायचा, इंटेलचा कडक होता. शेवटी लिनक्सने शरणागती पत्करली, फर्मवेअर विचारतं तू कोण, तर कर्नल सांगतो की मी विंडोज. आजही सांगतो.

आता सगळ्यात त्रासदायक भाग, पुरावाच मिळत नाही. उठताना मेलं त्या क्षणी डिस्क अजून झोपलेली, स्क्रीन झोपलेली, मग एरर लिहायची कुठे? आणि बटण दाबून बंद केलं की रॅममधलं गेलंच. यावर लिनक्सचा निर्माता लिनस टोरवाल्ड्सने २००६ मध्ये एक भन्नाट उपाय काढला. मशीनमध्ये बॅटरीवर चालणारं घड्याळ असतं ना, ते रिस्टार्टमध्येही पुसलं जात नाही. प्रत्येक डिव्हाइस जागं करताना कर्नल त्याची खूण तारीख-वेळ म्हणून त्या घड्याळात लिहितो, मशीन लटकलं की लगेच रिस्टार्ट करायचं आणि कर्नल घड्याळ वाचून सांगतो की शेवटचं डिव्हाइस कुठलं होतं. तारीख भलतीच होऊन बसते, ती नंतर दुरुस्त करायची. पीएम ट्रेस म्हणतात याला आणि कर्नलमध्ये तो अजून आहे.

विंडोजवाल्यांना मिळतं ते इव्हेंट व्ह्यूअरमधलं (विंडोजच्या नोंदवहीतलं) कर्नल-पॉवर ४१, आणि ते बघून निम्मे लोक पॉवर सप्लाय बदलायला निघतात. अरे, ती नोंद पुढच्या बूटला लिहिलेली असते, मागच्या वेळी नीट बंद झालं नव्हतं एवढंच ती सांगते. ड्रायव्हर पॉवर स्टेट फेल्युअर अशी ब्लू स्क्रीन आली तर उलट आनंद माना, म्हणजे कुठल्यातरी ड्रायव्हरने झोपायच्या-उठायच्या विनंतीला वेळेत उत्तर दिलं नाही आणि विंडोजने कंटाळून मशीन पाडलं, डंप फाइलमध्ये (मशीन पाडताना साठवलेल्या मेमरीच्या नोंदीत) ती अडकलेली विनंती असते आणि तिच्यावरून ड्रायव्हर सापडतो.

विंडोज एक्सपीच्या काळात तर कुठलाही प्रोग्राम स्लीपला नाही म्हणू शकायचा. लॅपटॉप मिटून बॅगेत टाकला आणि आत तो चालूच, तापून लाल. त्यानंतरच्या विंडोज व्हिस्टाने प्रोग्रामचा तो हक्क काढून घेतला, फक्त दोनेक सेकंदांची सूचना. व्हिस्टाला लोकांनी खूप शिव्या घातल्या पण हा निर्णय बरोबरच होता, फक्त त्यामुळे जे ड्रायव्हर आधी कधी नीट झोपलेच नव्हते ते आता रोज झोपायला लागले आणि त्यांचे बग उघडे पडले.

दोष दर वेळी सॉफ्टवेअरचाच असतो असंही नाही. २०१३ मध्ये इंटेलचे हॅसवेल प्रोसेसर आले, ते रिकामे असताना इतकी कमी वीज ओढायचे की १२ व्होल्टच्या लाइनवर जेमतेम ०.०५ अँपिअर, आणि काही जुन्या पॉवर सप्लायना एवढ्या कमी लोडवर व्होल्टेज स्थिर ठेवताच येत नाही, मग मशीन बंद पडू शकतं किंवा लटकू शकतं. म्हणून बऱ्याच बोर्डांवर त्या खोल झोपेच्या सी६-सी७ स्टेट बायोसमध्ये बंद करून ठेवल्या गेल्या. त्याच पिढीच्या चिपसेटच्या पहिल्या आवृत्तीत एस३ मधून उठल्यावर काही यूएसबी ३ ड्राइव्ह गायब व्हायचे, ते इंटेलला नवीन स्टेपिंग (चिपची सुधारलेली आवृत्ती) काढून दुरुस्त करावं लागलं. आणि २०१९ चा किस्सा तर कहर आहे, एएमडीच्या काही जुन्या प्रोसेसरांवर रिझ्यूमनंतर रँडम नंबर देणारी प्रोसेसरची कमांड प्रत्येक वेळी एकच आकडा द्यायची, वर काम यशस्वी झालं असंही सांगायची. लिनक्सवर सिस्टिमडी हा सर्व्हिसेस चालवणारा प्रोग्राम त्या नंबरवरून ओळखक्रमांक बनवायचा, तोच तोच नंबर आल्यावर गोंधळ, आणि मशीन पहिल्यांदा नीट झोपायचं-उठायचं, दुसऱ्यांदा झोपायचंच नाही. शेवटी कर्नलने त्या प्रोसेसरांवर ती सोयच लपवून टाकली.

दरम्यान २०१२ मध्ये विंडोज ८ ने दोन गोष्टी घुसवल्या. एक फास्ट स्टार्टअप, म्हणजे शटडाउन केलं तरी कर्नल हायबरनेटच होतो, त्यामुळे "बंद करून चालू केलं तरी प्रॉब्लेम तसाच" म्हणणाऱ्याने रिस्टार्ट करून बघावं, रिस्टार्टच खरं. दुसरी कनेक्टेड स्टँडबाय, जी विंडोज १० मध्ये मॉडर्न स्टँडबाय झाली. फोनसारखं, स्क्रीन बंद पण मशीन तसं जागंच, सगळं एस० मध्येच, म्हणजे एसीपीआयच्या हिशेबात चालू अवस्थेतच. इथे फर्मवेअरचा तो रिझ्यूमचा रस्ताच नाही, त्याच्या जागी शंभर ठिकाणी ड्रायव्हर अर्धवट झोपतात आणि उठतात. एकाने जरी नीट झोप घेतली नाही तर बॅगेतला तापलेला लॅपटॉप परत हजर. म्हणून काहीही करायच्या आधी कमांड प्रॉम्प्टमध्ये पॉवरसीएफजी /ए (powercfg /a) चालवून आपल्या मशीनला कुठलं स्लीप आहे ते बघा, एस३ वाल्याचे उपाय एस० वाल्याला लागू पडत नाहीत आणि निम्मे सल्ले इथेच फसतात. एस० असेल तर पॉवरसीएफजी /स्लीपस्टडी (powercfg /sleepstudy), त्याच्या रिपोर्टमध्ये कोण जागं राहिलं ते सरळ दिसतं.

बऱ्याच नव्या लॅपटॉपच्या फर्मवेअरमधून एस३ काढूनच टाकलंय. लेनोवोने २०१८ च्या थिंकपॅड एक्स१ कार्बनला बायोस अपडेटमध्ये झोपेचा प्रकार निवडायचा पर्याय दिला, तिथे लिनक्स निवडलं की एस३ मिळायचं, आणि काही विंडोजवाले सुद्धा गुपचूप तेच निवडायचे. असा पर्याय असेल तर जरूर वापरून बघा. नसेल तर रजिस्ट्रीत (विंडोजच्या आतल्या सेटिंगच्या यादीत) बदल करून मॉडर्न स्टँडबाय बंद करायचे उपाय फिरत असतात, ते करताना एवढं लक्षात ठेवा की त्या फर्मवेअरमध्ये एस३ चा कोड नसेल तर स्लीपचा पर्यायच मेनूतून गायब होतो, आणि अर्धवट, कधीच टेस्ट न केलेला असेल तर मशीन झोपतं पण उठत नाही.