श्वास, ऑक्सिजन आणि मशिनचा नॉब : ग्राहकांसाठी माहितीपत्रक

ऑक्सिजन कॉन्सन्ट्रेटर जोडून देऊन आमचा माणूस निघू लागला की नाशिकमधील बहुतेक घरांत एक प्रश्न हमखास विचारला जातो : "ऑक्सिजनचा प्रवाह कमी-जास्त करणारा नॉब थोडा वाढवून ठेवला तर चालेल ना?" डॉक्टरांनी सांगितल्याशिवाय चालणार नाही, आणि ते का, हे समजण्यासाठी श्वासाचे काम कसे चालते ते पाहावे लागेल.

छाती व पोट यांच्यामधील श्वासपटल खाली सरकते, बरगड्या वर उचलल्या जातात, छातीतील जागा वाढून आतला दाब घटतो आणि हवा आपोआप आत येते. शांत बसलेल्या प्रौढ माणसाच्या एका श्वासात साधारण अर्धा लिटर हवा असते. त्यातील सुमारे १५० मिलिलिटर नाक, घसा आणि श्वासनलिकांमध्येच राहून न वापरता परत जाते. म्हणूनच धाप लागून घेतलेले उथळ श्वास कितीही भरभर घेतले तरी पुरे पडत नाहीत.

हवेत ७८ टक्के नायट्रोजन, २१ टक्के ऑक्सिजन आणि जेमतेम ०.०४ टक्के कार्बन डायऑक्साइड असतो. बाहेर टाकलेल्या हवेत ऑक्सिजन सुमारे १६ टक्के उरतो, कार्बन डायऑक्साइड ४ टक्क्यांच्या आसपास जातो. नायट्रोजन मात्र जसा आला तसा परततो. (१,६४६ मीटर उंचीच्या कळसूबाईवरही ऑक्सिजन २१ टक्केच असतो, विरळ होते ती सगळी हवाच.) ही देवघेव फुप्फुसांतील कोट्यवधी वायुकोशांच्या अतिशय पातळ भिंतींतून होते.

ऑक्सिजन आत घेणे आणि कार्बन डायऑक्साइड बाहेर टाकणे ही दोन वेगळी कामे आहेत, आणि आमचे मशिन फक्त पहिल्या कामाला हातभार लावते. सीओपीडीच्या (श्वासनलिका अरुंद होत जाणाऱ्या फुप्फुसांच्या जुनाट आजाराच्या) काही रुग्णांना गरजेपेक्षा जास्त ऑक्सिजन दिल्यास रक्तात कार्बन डायऑक्साइड साठू लागतो. रुग्ण गुंगीत जातो, डोके दुखते, बोलणे असंबद्ध होते, आणि घरच्यांना मात्र ऑक्सिमीटरवर (रक्तातील ऑक्सिजनची पातळी टक्क्यांत दाखवणाऱ्या, बोटाला लावायच्या उपकरणावर) ९८ दिसत असल्याने सारे ठीक वाटते. अशा रुग्णांसाठी डॉक्टर बहुधा ८८ ते ९२ हीच पातळी ठरवून देतात. ही लक्षणे दिसल्यास डॉक्टरांना त्वरित कळवावे.

मशिन ऑक्सिजन तयार करत नाही. ते खोलीतली हवा ओढून झिओलाइट या सच्छिद्र खनिजाच्या खड्यांमधून दाबाने सोडते, खडे नायट्रोजन धरून ठेवतात आणि ९० टक्क्यांहून अधिक शुद्ध ऑक्सिजन पुढे जातो. दर काही सेकंदांनी येणारा 'फुस्स' आवाज त्या नायट्रोजनला बाहेर सोडण्याचा आहे, बिघाडाचा नव्हे. त्यामुळे मशिन भिंतीला किंवा पडद्याला चिकटवून ठेवू नये. नळीतून ऑक्सिजन येतो का याची शंका असल्यास नाकातील टोके क्षणभर ग्लासभर पाण्यात धरून बुडबुडे येतात का ते पाहावे आणि टोके पुसून परत लावावीत.

थंडीत निफाडकडे पारा बराच खाली येतो, तेव्हा काही घरांत बंद खोलीत कोळशाची शेगडी ठेवली जाते. ऑक्सिजन सुरू असलेल्या खोलीत कोणतीही आग, अगदी निरांजनही, नको. शिवाय अर्धवट जळणाऱ्या कोळशातून निघणारा कार्बन मोनॉक्साइड रक्तातील हिमोग्लोबिनला ऑक्सिजनपेक्षा दोनशेहून अधिक पटींनी घट्ट चिकटतो, आणि बोटाला लावलेल्या साध्या ऑक्सिमीटरला तो ओळखता येत नाही. आकडा चांगलाच दिसत राहतो. खोली उबदार ठेवायची असल्यास शेगडीऐवजी जास्तीचे पांघरूण वापरावे आणि रुग्णाचे हात गार असतील तर ते चोळून ऊब आल्यावरच ऑक्सिमीटर लावावा.