कॅबिनेटमधली हवा : ‘पुढून आत, मागून बाहेर’ हे ठरलं कधी?

घरी पीसी जोडायला बसलेल्या माणसाला पहिला सल्ला मिळतो तो हाच : पुढचे पंखे हवा आत घेतील, मागचा आणि वरचे बाहेर टाकतील. बहुतेक वेळा हा सल्ला चालून जातो. पण तो निसर्गनियम असल्यासारखा सांगितला जातो आणि घोळ तिथून सुरू होतो. एटीएक्स म्हणजे मदरबोर्ड, कॅबिनेट आणि वीजपुरवठा यांची मांडणी ठरवणारा नमुना. त्याच्या पहिल्या आराखड्यात मागच्या बाजूने हवा बाहेर जातच नव्हती. एसएमपीएसचा, म्हणजे वीजपुरवठ्याच्या डब्याचा, पंखा ती मागून आत ओढत असे. काही वर्षांत हा निर्णय फिरवला गेला. आज आपण जी दिशा गृहीत धरतो ती त्या फिरवाफिरवीतून आलेली आहे.

त्याआधीचा काळ चार ओळींत आटोपतो. १९८१च्या आयबीएम पीसीत ६३.५ वॅटचा एसएमपीएस होता आणि त्याच्या पोटातला पंखा हाच अख्ख्या यंत्राचा वारा. ४.७७ मेगाहर्ट्झच्या ८०८८ प्रोसेसरला हीटसिंकसुद्धा (उष्णता पसरवणारा धातूचा ठोकळा) लागत नसे. ४८६च्या वेगवान आवृत्त्यांना तो लागू लागला, आणि ५ व्होल्टवर चालणाऱ्या १९९३च्या पहिल्या पेन्टियमने प्रोसेसरच्या डोक्यावर पंखा बसवणं नेहमीचं करून टाकलं.

एटीएक्स आला १९९५ साली. त्याने मदरबोर्डची मांडणी फिरवली आणि प्रोसेसर मुद्दाम एसएमपीएसच्या शेजारी आणून ठेवला. त्यामागचा हिशेब साधा होता. एसएमपीएसचा पंखा बाहेरची हवा मागून घेणार आणि थेट प्रोसेसरच्या हीटसिंकवर सोडणार. एकाच पंख्यात दोन कामं होणार, प्रोसेसरवरचा किरकिरणारा छोटा पंखा वाचणार, खर्च आणि आवाज दोन्ही उतरणार. शिवाय हवा एकाच तोंडातून आत येत असल्यामुळे तिथे फिल्टर लावला की काम झालं. उरलेल्या सगळ्या फटींतून हवा बाहेरच पडत राहील, धूळ आत शिरायला जागा नाही.

या आराखड्याची नंतर बरीच टिंगल झाली : एसएमपीएसची गरम हवा प्रोसेसरवर मारणं हा शहाणपणा कसला? आकडे मांडून बघितले तर ही टिंगल थोडी अन्यायाची वाटते. त्या वेळचे एसएमपीएस साधारण ७० टक्के कार्यक्षम असत. म्हणजे यंत्राला १०० वॅट पुरवताना सुमारे ४३ वॅट उष्णता त्यांच्या पोटातच तयार होई. पंखा मिनिटाला २५ घनफूट हवा (२५ सीएफएम) ढकलत असेल, तर त्या हवेचं तापमान वाढेल जेमतेम ३ अंश. सूत्र पाठ करून ठेवण्यासारखं आहे : वॅट गुणिले १.७६, भागिले सीएफएम, की आलं तापमानातली वाढ सेल्सिअसमध्ये. तीन अंशांनी कोणताही प्रोसेसर मरत नव्हता.

आराखडा फसला तो वेगळ्या कारणाने. १९९७मध्ये पेन्टियम टू कार्ट्रिजच्या (बंद डबीच्या) रूपात आला आणि त्याच्या वरच्या आवृत्त्या ४० वॅटच्या पुढे गेल्या. ट्रान्सफॉर्मर, कॉइल आणि वायरींच्या गर्दीतून वाट काढत आलेला ८० मिलिमीटरच्या पंख्याचा वारा त्यांना पुरेना. हीटसिंकवर स्वतःचा पंखा लावावाच लागला, म्हणजे जी बचत करायची होती तीच गेली. दुसरीकडे हवा बाहेर ओढणारं कुणी उरलंच नव्हतं. गरम हवा फटींतून जमेल तशी बाहेर पडे आणि पुढच्या कप्प्यातल्या हार्ड डिस्कला सगळ्यात शेवटची, सगळ्यात गरम हवा मिळे. म्हणून पुढच्या आवृत्त्यांनी दिशा उलटी केली : एसएमपीएस हवा बाहेर टाकेल. मधल्या काळात बाजारात दोन्ही जाती एकत्र होत्या. पुढे एक पंखा आत फुंकतोय आणि मागून एसएमपीएसही आत फुंकतोय, अशी यंत्रं सर्रास जोडली गेली. एसएमपीएसच्या मागे हात धरून वारा लागतोय का ते बघायचं, ही जुन्या मेकॅनिकांची सवय तेव्हाची.

पहिल्या आराखड्यातला एक शब्द मात्र मागे राहिला आणि वीस वर्षांनी जोरात परत आला : पॉझिटिव्ह प्रेशर. आज याचा अर्थ ‘आत घेणारे पंखे जास्त, बाहेर टाकणारे कमी’ असा लावतात. तीन पुढे, एक मागे, झालं पॉझिटिव्ह. ही मोजणी चुकीची आहे. पुढचे तीन पंखे मिनिटाला ८०० फेऱ्यांवर, त्यांच्यापुढे बारीक नायलॉन जाळी, तिच्यापुढे बंद काच. मागे १४० मिलिमीटरचा एकच पंखा, पण १४०० फेऱ्यांवर आणि उघड्या जाळीवर. अशा यंत्रात दाब उणे निघाला तर नवल नाही. पंख्याच्या फेऱ्या निम्म्या केल्या की त्याने ढकललेली हवा निम्मी होते, पण त्याची दाब देण्याची ताकद पाव होते. हळू फिरणारा पंखा जाळीमागे लगेच हात टेकतो तो यामुळे. खोक्यावर ‘स्टॅटिक प्रेशर’चा आकडा मिलिमीटर पाण्यात छापलेला असतो. जाळी किंवा रेडिएटरमागे (लिक्विड कूलरचं पाणी गार करणारी चौकट) बसणाऱ्या पंख्यासाठी तो बघावा, उघड्यावर बसणाऱ्यासाठी सीएफएमचा.

दुसरा गैरसमज आणखी चिवट आहे : पॉझिटिव्ह म्हणजे आत जास्त हवा, म्हणून जास्त गारवा. जितकी हवा आत येते तितकीच बाहेर जाते, दुसरा पर्यायच नाही. फरक फक्त उरलेली हवा कुठल्या फटीतून जाते किंवा येते एवढाच, आणि तो दाब काही पास्कलांच्या पलीकडे जात नाही. वातावरणाचा दाब एक लाख पास्कलच्या वर असतो, त्यापुढे हे काहीच नाही. म्हणजे हा शब्द मुळात धुळीचा आहे, गारव्याचा नाही. एटीएक्सच्या पहिल्या आराखड्यातही दाबाचा मुद्दा फिल्टरशी जोडलेला होता.

दाब कुठल्या बाजूला आहे हे धूळच सांगते. सहा महिने चाललेल्या यंत्राचं झाकण काढून मागच्या कार्डस्लॉटच्या पट्ट्या बघा. पट्टीच्या आतल्या कडेला पेन्सिलीने ओढल्यासारखी करडी रेघ असेल तर हवा तिथून आत येतेय, म्हणजे दाब उणे आहे. पट्ट्या स्वच्छ आणि पुढच्या जाळीवर मात्र गोधडी साचलेली असेल तर दाब अधिक आहे. लगेच तपासायचं असेल तर झाकण बंद करून, यंत्र सुरू ठेवून टिश्यू पेपरचा एक पदर सुटा करून त्या फटीशी बाहेरून धरायचा. चिकटला तर उणे, फडफडला तर अधिक. आपल्याकडची धूळ बघता अधिक दाब बरा, पण तो टिकवायला जाळी महिन्याला धुवावी लागते. न धुतलेली जाळी हळूहळू बुजते, आत येणारी हवा घटते आणि पंखे तेच, जागा त्याच, तरी यंत्र आपोआप उणे दाबाचं होऊन बसतं.

‘गरम हवा वर जाते’ हा दुसरा लाडका युक्तिवाद. जाते, पण किती जोराने? अर्धा मीटर उंचीच्या कॅबिनेटमध्ये आत-बाहेर १० अंशांचा फरक असला तर त्यातून तयार होणारा दाब पास्कलचा पाचवा हिस्सा. साधा १२० मिलिमीटरचा पंखा १० ते २० पास्कल देतो. पंखे सुरू असताना हवेची वर जायची इच्छा कुणी विचारात घेत नाही. वरचे पंखे बाहेर टाकायला लावतात ते बरोबर आहे, पण कारण वेगळं आहे : वरून आत घेतलं तर वर साचलेली धूळ सरळ मदरबोर्डवर उतरते.

२००२च्या सुमारास पेन्टियम फोर तापू लागला तेव्हा एटीएक्सवर ठिगळ लागलं. बाजूच्या झाकणाला भोक, त्यात प्लास्टिकचं नरसाळं, ते थेट प्रोसेसरच्या पंख्यासमोर. मुंबईच्या लॅमिंग्टन रोडवरून असेंबल करून आणलेल्या त्या काळातल्या कॅबिनेटांना हे नरसाळं असे आणि झाकण बसवताना वायरी हमखास त्यात अडकत. त्यामागचं उद्दिष्ट होतं, खोलीत ३५ अंश असताना प्रोसेसरच्या हीटसिंकवर ३८ अंशांपेक्षा गरम हवा जाऊ नये. मे महिन्यात नागपूर-चंद्रपूरकडच्या खोलीत एसी नसेल, तर खोलीची हवाच या आकड्याच्या वर असते. मग नरसाळं काय करणार?

२००३मध्ये जाहीर झालेल्या बीटीएक्स या नव्या नमुन्याने एटीएक्सचा मूळ विचार पुन्हा उचलला, या वेळी योग्य टोकाकडून. प्रोसेसर कॅबिनेटच्या पुढच्या भागात, त्याच्यासमोर एक मोठा पंखा, बाहेरची ताजी हवा पहिल्यांदा प्रोसेसरला, मग सरळ रेषेत मागे. तांत्रिकदृष्ट्या हा आराखडा सरस होता आणि तो मेला याचं वाईट वाटायला हवं. पण २००६मध्ये ६५ वॅटचे प्रोसेसर आले, तापण्याचा प्रश्न निवळला आणि बीटीएक्स त्याच वर्षी सोडून दिला गेला. नवे मदरबोर्ड, नवी कॅबिनेटं घ्यायला कुणाला कारण उरलं नाही.

मग उष्णतेने घर बदललं. ग्राफिक्स कार्ड २०१६मध्ये १८० वॅट, २०२०मध्ये ३२०, २०२२मध्ये ४५० आणि २०२५मध्ये ५७५ वॅटपर्यंत गेलं (प्रत्येक पिढीतली वरची मॉडेलं). जुनी ब्लोअर पद्धतीची कार्डं आपली उष्णता मागच्या पट्टीतून बाहेर फेकत. आजची दोन-तीन पंख्यांची कार्डं ती कॅबिनेटातच सोडतात. वरच्या सूत्रात घाला : ४०० वॅट, खरोखर वाहणारी हवा ७० सीएफएम, तर वाढ १० अंश. खोक्यावर ६० सीएफएम लिहिलेला पंखा जाळी आणि वायरींमागे त्याच्या निम्म्यानेही काम करू शकतो, म्हणून दोन पंख्यांत १२० सीएफएम धरायचे नाहीत.

यातून आजची मांडणी निघते. पुढे १२० किंवा १४० मिलिमीटरचे दोन-तीन आत, मागे एक बाहेर, वर लावायचाच तर मागच्या कोपऱ्यात एक बाहेर. वरच्या पुढच्या कोपऱ्यातला बाहेर टाकणारा पंखा नुकसानच करतो. समोरून आलेली गार हवा प्रोसेसरपर्यंत पोचायच्या आधीच तो पळवतो. टॉवर कूलरचा (प्रोसेसरवरच्या उंच हीटसिंकचा) पंखा समोरच्या अंगाने हवा घेऊन मागच्या पंख्याकडे ढकलेल असाच बसवायचा. एसएमपीएस खाली असेल, त्याखाली जाळी असेल आणि पायांखाली मोकळी जागा असेल तर त्याचं तोंड खाली. कॅबिनेट गालिचावर असेल किंवा खाली भोकंच नसतील तर तोंड वर. लिक्विड कूलरचा रेडिएटर वर बसवावा. पुढे बसवला तर त्याचं वरचं टोक पंपाच्या वर राहिलं पाहिजे, कारण आतली हवा सगळ्यात उंच जागी जमते आणि ती जागा पंपाची असली की पंप खरखरतो, लवकर जातो. रेडिएटरला त्याच्यासोबत आलेलेच स्क्रू वापरावेत. २५ मिलिमीटर जाडीच्या पंख्यातून थोडा जास्त लांब स्क्रू गेला तरी त्याचं टोक पाण्याच्या नळीत घुसू शकतं.

वायरींचा घोळही इतिहासातूनच आला आहे. तीन पिनांच्या पंख्यात काळी वायर ग्राउंड, लाल १२ व्होल्ट, पिवळी फेऱ्या मोजणारी. २००४नंतर रूढ झालेल्या चार पिनांच्या रंगसंगतीत पिवळी झाली १२ व्होल्टची, हिरवी मोजणारी आणि निळी वेग ठरवणारी, जिच्यावर साधारण २५ किलोहर्ट्झचे पीडब्ल्यूएम ठोके (विजेचे चालू-बंद इशारे) येतात. म्हणून जुनी वायर जोडताना रंगावर नाही, पिनेच्या जागेवर भरवसा ठेवावा. तीन पिनांचा पंखा पीडब्ल्यूएमवर ठेवलेल्या हेडरला (मदरबोर्डवरच्या पंख्याच्या पिनांना) लावला की तो सतत पूर्ण वेगाने ओरडतो. बायोसमध्ये तो हेडर डीसीवर (व्होल्ट कमी-जास्त करून वेग ठरवण्यावर) आणला की शांत होतो. एका हेडरची मर्यादा बहुधा १ अँपिअर असते. स्प्लिटरने पंखे वाढवताना प्रत्येकाच्या स्टिकरवरचा अँपिअर वाचून बेरीज करावी, आणि वेग मोजणारी वायर एकाच पंख्याची जोडलेली ठेवावी, नाहीतर फेऱ्यांचा आकडा वेडावाकडा येतो. दिव्यांचे कनेक्टर वेगळे असतात. ५ व्होल्टची एआरजीबी (रंगीत दिव्यांची) वायर १२ व्होल्टच्या पिनांवर बसवली की दिवे जळतात.

राहिली पंख्याची ‘पुढची’ बाजू. जुनी खूण अशी : ज्या बाजूला मोटर धरणारे दांडे आणि स्टिकर, तिकडे हवा निघते, मोकळी, पाती दिसणारी बाजू हवा ओढते. काचेची कॅबिनेटं आल्यावर आत घेणाऱ्या पंख्यांची दांड्यांची बाजू काचेतून दिसू लागली, ती कुणाला आवडेना, म्हणून उलट्या पात्यांचे पंखे निघाले. त्यांत मोकळ्या बाजूने हवा बाहेर येते. दोन्ही जाती बाहेरून सारख्याच दिसतात, एकाच संचात मिसळून येतात, आणि काही चौकटींवर बाणही नसतो. अशा वेळी स्क्रू आवळण्याआधी पंखा हेडरला जोडून सुरू करायचा आणि कागदाची बारीक पट्टी दोन्ही बाजूंनी धरून बघायची.