एमजीबी घेताय? आधी खाली वाकून बघा
(आमच्या ग्राहकांसाठी माहितीपत्रक)

आमच्याकडे येणाऱ्या मराठी मंडळींपैकी बहुतेकांनी गाडी आधीच घेतलेली असते. लाल रंग, चकाकणारं क्रोम, आऱ्यांची चाकं, मागे दुमडलेला टप. बघितली, आवडली, घेतली. मग एखाद्या शनिवारी सकाळी फोन येतो, "जरा बघता का, खालून काहीतरी पडलंय." तो फोन करायची वेळ येऊ नये म्हणून हे पत्रक.

ऑक्सफर्डशायरमध्ये आमचं छोटं गॅरेज आहे. दोन लिफ्ट, तीन माणसं. जुन्या ब्रिटिश स्पोर्ट्स कार सगळ्याच करतो, पण निम्म्याहून जास्त काम एमजीबीचं, म्हणून इथे तिच्याबद्दलच लिहिलंय. एमजी म्हटलं की भारतातल्या नातेवाइकांच्या डोळ्यांपुढे हेक्टर येते. ही ती नव्हे. एमजी म्हणजे ऑक्सफर्डचं मॉरिस गॅरेजेस. एमजीबी १९६२ ते १९८० या काळात शेजारच्या अ‍ॅबिंग्डनच्या कारखान्यात तयार झाली, सगळे प्रकार मिळून पाच लाखांहून जास्त. इतक्या गाड्या निघाल्यामुळे आजही तिचा जवळजवळ प्रत्येक सुटा भाग नवा मिळतो. पहिल्यांदाच जुनी गाडी घेणाऱ्याला आम्ही हीच सुचवतो, ती एवढ्यासाठी.

आणखी एक गंमत. तिचं १७९८ सीसीचं इंजिन बीएमसी म्हणजे ब्रिटिश मोटर कॉर्पोरेशनच्या 'बी सिरीज' घराण्यातलं. आपल्या अ‍ॅम्बॅसिडरमध्ये वर्षानुवर्षं जे १४८९ सीसीचं इंजिन होतं, ते याच घराण्यातलं धाकटं भावंड. लहानपणी घरासमोर अ‍ॅम्बॅसिडरचं बॉनेट उघडून बसलेला मिस्त्री ज्यांनी पाहिलाय, त्यांना एमजीबीचं बॉनेट उघडल्यावर फारसं परकं वाटत नाही.

घेताना काय बघायचं

इंजिन नंतर. गिअरबॉक्स नंतर. सीटचं लेदर तर सगळ्यात शेवटी. आधी सांगाडा.

एमजीबीला वेगळी चासी नाही. बॉडी हाच सांगाडा. त्यात रोडस्टरला छप्पर नसल्यामुळे सगळा भार दोन्ही दरवाज्यांखालच्या सिलवर येतो. सिल बाहेरून एकच पत्रा दिसतो, पण आत पत्र्यांचे थर आहेत आणि पाणी बसतं ते या थरांमध्ये. इथे हिवाळ्यात रस्त्यावर मीठ टाकतात. ते मिठाचं पाणी पुढच्या मडगार्डच्या मागे चिखलासकट अडकतं आणि तिथून गंज खाली सिलमध्ये उतरतो. वरून रंग कितीही देखणा असो, आतून पापुद्रे सुटलेले असतात.

आम्ही गाडी तपासतो ती अशी. दरवाजा आणि मागच्या पॅनलमधली फट वरपासून खालपर्यंत सारखी आहे का, ते बघतो. मग एका बाजूने गाडी जॅकवर घेतो आणि दरवाजा पुन्हा उघडून लावतो. खाली असताना सहज लागणारा दरवाजा आता अडकत असेल, किंवा फट बदलली असेल, तर सिल नावापुरतीच उरलीय. त्यानंतर कापडात गुंडाळलेलं लोहचुंबक सिलवरून आणि मडगार्डच्या खालच्या भागावरून फिरवतो. जिथे ते चिकटत नाही तिथे पत्रा नाही, पुट्टी आहे. कार्पेट उचलून फ्लोअर, सीटमागची बॅटरीची पेटी, जॅक लावायची जागा आणि मागच्या पाट्यांच्या स्प्रिंगचे हँगर, हेही बघायचं.

आमची स्वतःची पहिली एमजीबी आम्ही रंगावर भुलून घेतली होती. विकणारा गोड माणूस, चहा पाजला, सगळी बिलं दाखवली. घरी आणून सिलला ग्राइंडर लावला तर आतून वर्तमानपत्राचे बोळे निघाले, त्यांच्यावर पुट्टी, तिच्यावर रंग. एका बोळ्यावर घोड्यांच्या शर्यतींचे निकाल अजून वाचता येत होते. दोन्ही सिल बदलायला पूर्ण हिवाळा गेला. वेल्डिंगच्या त्या खर्चात चांगल्या बॉडीची गाडी आली असती.

म्हणून सल्ला एकच. बॉडी चांगली आणि इंजिन थकलेलं असेल तर खुशाल घ्या. इंजिन उत्तम आणि बॉडी कुजलेली असेल तर हात जोडून परत या. विटनीची ब्रिटिश मोटर हेरिटेज ही कंपनी १९८८पासून एमजीबीची अख्खी नवी बॉडीसुद्धा बनवते, पण तो मार्ग खिसा भक्कम असलेल्यांसाठी.

कोणती घ्यायची? १९७४च्या उत्तरार्धापर्यंतच्या गाड्यांना क्रोम बंपर, त्यानंतर काळे रबरी. अमेरिकेतल्या नियमांसाठी रबरी बंपरच्या गाड्यांची उंचीही थोडी वाढवली. लोक त्यांना नाकं मुरडतात, त्यामुळे त्या स्वस्त पडतात. आम्हाला त्यात काही वावगं दिसत नाही. १९६५पासूनची जीटी ही छपराची गाडी. तिला मागे लहान मुलांपुरती सीट आहे, डिकीचा दरवाजा मोठा आहे आणि इथल्या पावसात ती गळत नाही. रोडस्टरला सीट दोनच. घरात दोन मुलं असतील तर हा निर्णय एकट्याने घेऊ नका.

१९६७च्या अखेरीस दुसरी आवृत्ती आली. त्याआधीच्या गाड्यांत पहिल्या गिअरला सिंक्रोमेश नाही, म्हणजे गाडी पूर्ण थांबल्याशिवाय पहिला टाकायचा नाही. शिवाय त्या पॉझिटिव्ह अर्थच्या आहेत, बॅटरीचं धन टोक बॉडीला. अशा गाडीत नवा रेडिओ किंवा फोनचा चार्जर घाईघाईत जोडलात तर तो जळालाच म्हणून समजा.

कागदपत्रं

लॉगबुकवरचा (गाडीच्या नोंदणीपत्रावरचा) चासी नंबर आणि गाडीवरच्या प्लेटवरचा नंबर जुळतोय का, बघा. रोडस्टरचा नंबर सहसा जीएचएनने सुरू होतो, जीटीचा जीएचडीने. शेवटची एमजीबी १९८०ची, म्हणजे सगळ्याच आता चाळिशीपार. त्यामुळे 'हिस्टॉरिक' वर्गात नोंद करून घेतली की रोड टॅक्स शून्य. मात्र शून्य असला तरी तो दरवर्षी 'भरावा' लागतो. लंडनच्या यूलेझचा, म्हणजे जास्त धूर सोडणाऱ्या गाड्यांवरच्या शुल्काचा, भुर्दंडही या वर्गाला नाही. गाडीत मोठे बदल केलेले नसतील तर २०१८पासून एमओटीचीही, म्हणजे दरवर्षीच्या सरकारी तपासणीची, सक्ती नाही. आम्ही तरीही दरवर्षी एमओटी करून घ्यायला सांगतो. ब्रेक निकामी असलेली गाडी रस्त्यावर आणली तर सूट असो वा नसो, जबाबदार तुम्हीच. विमा 'अ‍ॅग्रीड व्हॅल्यू'चा घ्या, म्हणजे गाडीची किंमत आधीच ठरवून. नाहीतर अपघातानंतर कंपनी तिला निव्वळ जुनी गाडी धरून पैसे देईल.

पहिल्या महिन्यात करायची कामं

आधीचा मालक काहीही सांगो, सगळी तेलं आणि द्रवं बदलून टाका. इंजिनात २०डब्ल्यू-५०, फिल्टरसकट सव्वाचार लिटरच्या आसपास. आधुनिक पातळ सिंथेटिक तेल घालू नका. ते या इंजिनाच्या ढिल्या फटींतून वाट काढतं, आणि त्यातलं जस्ताचं प्रमाण जुन्या पद्धतीच्या टॅपेटना (व्हॉल्व्ह उघडणाऱ्या भागांना) कमी पडतं. गिअरबॉक्समध्येही हेच इंजिन ऑइल जातं, हे ऐकून नवीन लोकांना नेहमी आश्चर्य वाटतं. गिअर ऑइल फक्त मागच्या अ‍ॅक्सलमध्ये, ईपी-९०. ब्रेक फ्लुइड डॉट-४, दर दोन वर्षांनी नवं.

पेट्रोलच्या नळ्या बघा, आणि हे काम पुढे ढकलू नका. सप्टेंबर २०२१पासून इथलं साधं पेट्रोल ई-१० झालं, म्हणजे दहा टक्क्यांपर्यंत इथेनॉल. जुन्या रबराला ते मानवत नाही. नळी आधी मऊ होते, मग भेगाळते, आणि ती असते गरम एक्झॉस्टच्या वर. नळ्या बदला आणि ई-५चं लेबल असलेलं सुपर अनलेडेड भरा. शिसंयुक्त पेट्रोल इथे २०००पासून बंद आहे. शिशाविना जुन्या मऊ व्हॉल्व्ह सीट झिजतात, म्हणून इंजिनाच्या हेडमध्ये एक्झॉस्ट व्हॉल्व्हच्या कडक सीट बसवल्या आहेत का, हे जुन्या बिलांत शोधा. नसतील तर घाबरायचं कारण नाही. हेड उघडायची वेळ येईल तेव्हा बसवून घेऊ.

ग्रीस गन विकत घ्या आणि वापरा. पुढच्या प्रत्येक चाकामागे ग्रीस भरायची तीन निपल आहेत, शिवाय एक हँडब्रेकच्या केबलला आणि एक प्रॉपेलर शाफ्टला. दर ३,००० मैलांना, किंवा वर्षातून एकदा. गाडी स्टँडवर घेऊन, पुढची चाकं लोंबकळत असताना ग्रीस मारा, म्हणजे ते किंगपिनमध्ये (पुढचं चाक जिच्यावर वळतं त्या खिळीत) नीट शिरतं. जुनं काळं ग्रीस बाहेर येऊन नवं दिसेपर्यंत मारत राहा. हे अर्ध्या तासाचं काम टाळल्यामुळे किंगपिन बदलायला आलेल्या गाड्या आम्ही दरवर्षी बघतो.

पान्यांचंही एक सांगायचंय. या गाडीचे नट-बोल्ट इंचातले आहेत. घरातला १३चा पाना अर्ध्या इंचाच्या बोल्टवर बसल्यासारखा वाटतो आणि त्याच्या कडा मारतो. सात-सोळांश, अर्धा आणि नऊ-सोळांश, एवढे तीन पाने असले की बरंच काम होतं. आऱ्यांची चाकं असतील तर तांब्याचा हातोडाही हवा. मधला कानांचा नट त्याने ठोकूनच सैल करायचा आणि आवळायचा. कुठल्या दिशेने ते नटवरच्या बाणावर कळतं. चाक काढलं की आतल्या दातेऱ्यांना ग्रीस लावा. पुढे-मागे घेताना मागून 'टक्' असा आवाज येत असेल तर ते दाते झिजलेत.

आवाजांशी ओळख

सकाळी चावी फिरवा, पण लगेच स्टार्टर मारू नका. मागून टिक-टिक-टिक ऐकू येईल. तो एसयू कंपनीचा इलेक्ट्रिक पेट्रोल पंप. कार्बोरेटर भरले की टिकटिक मंदावते आणि थांबते. मग चोक ओढा आणि स्टार्ट करा. टिकटिक थांबतच नसेल तर एक तर टाकीत पेट्रोल नाही, नाहीतर ते कुठेतरी वाहतंय. आधी खाली वाकून वास घ्या. टिकटिक मुळीच येत नसेल तर पंपाचे पॉइंट चिकटले असतील. स्क्रू ड्रायव्हरच्या मुठीने पंपाला हलकीशी टिचकी मारली की तो बहुतेक वेळा पुन्हा चालू होतो. घरी पोचाल, पण पंप बदलायचा आहे, हे विसरू नका.

विजेची दहशत उगाच आहे. ल्युकास कंपनीच्या वायरिंगची थट्टा सगळे करतात, पण त्यात एक शिस्त आहे. तपकिरी वायर कायम जिवंत, पांढरी चावी फिरवल्यावर, हिरवी तीच पण फ्यूजमधून पुढे गेलेली, काळी अर्थिंगची. हेडलाइटच्या निळ्या, पार्किंगच्या लाल. एवढं पाठ असलं की निम्मे दोष स्वतःला सापडतात. आणि निम्म्याहून अधिक दोष म्हणजे काळ्या वायरचं गंजलेलं टोक. इंडिकेटर दिला आणि मागचा ब्रेकचा दिवा मिणमिणला, तर बल्ब बदलत बसू नका. अर्थिंगचा स्क्रू काढा, सँडपेपरने घासा, परत लावा.

ऑइल प्रेशरचा काटा गरम इंजिनावर चालत्या गाडीत ५० ते ८० च्या दरम्यान हवा. जागेवर उभी असताना १५-२० दिसलं तर काळजी नको. पार्किंगमध्ये तेलाचे दोन-चार थेंब पडणारच. खाली पुठ्ठा टाकून ठेवा आणि डाग दर आठवड्याला मोठा होतोय का, तेवढं बघा.

ठेवायची कशी

चालवा. गॅरेजात झाकून ठेवलेल्या गाडीचे ब्रेक अडकतात, नळ्या सुकतात, टाकीत पेट्रोल शिळं होतं. पंधरा दिवसांतून एकदा तरी वीसेक मैल फिरवा. नुसती जागेवर पाच मिनिटं चालू करून बंद केलीत तर फायद्यापेक्षा तोटा जास्त. इंजिन पुरतं तापत नाही आणि आत पाणी धरतं. मीठ टाकलेल्या रस्त्यावर नेलीच तर परत आल्यावर खालून स्वच्छ धुवा, आणि सिलची पाणी निघायची भोकं तारेने मोकळी ठेवा.

आमचे बरेच ग्राहक दिवाळीनंतर गाडी झाकतात आणि गुढीपाडव्याला काढतात. मिठाचे दिवस टाळायला हे इथल्या हवेला अगदी जुळतं, फक्त मधल्या कोरड्या दिवशी ती फिरवत राहा. मग सर्व्हिस दसऱ्याच्या आधी करून घ्या, म्हणजे नवं तेल आणि नवं अँटिफ्रीझ घालून ती हिवाळ्याला सामोरी जाईल. दसऱ्याला पूजा जरूर करा. फक्त हळद-कुंकू ओल्या बोटांनी सरळ रंगावर लावू नका, डाग जात नाही. आणि नारळ फरशीवर फोडा. मागच्या वर्षी एकाने क्रोम बंपरवर फोडला. नारळ फुटला, पण बंपरलाही पोचा आला.

पहिल्यांदा आमच्याकडे येताना लॉगबुक, जुनी बिलं आणि असतील तेवढ्या चाव्या घेऊन या. टॅपेटची फट आम्ही इंजिन पूर्ण थंड असताना मोजतो, १५ थाऊ (इंचाचे हजारांश). त्यामुळे सकाळी चालवत आणलीत तर ती निवायची वाट बघण्यात अर्धा दिवस जाईल. आदल्या संध्याकाळी आणून ठेवा. स्टेशनपर्यंत आम्ही सोडू.